मुलांचे तंत्रविषयक वाचन आणि मार्गदर्शकाचे स्थान : मराठी बालवाङ्मयाची एक चिकित्सा (कोल्हापूरच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कोल्हापुरातील राजारामपुरी आणि शिवाजी उद्यमनगर या दोन वसाहती एकमेकींना लागून आहेत. राजारामपुरीच्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांतून शाळा, शिकवणीवर्ग, दुकाने आणि मध्यमवर्गीय घरे दिसतात. उद्यमनगरात लेथ, ओतकाम आणि सुट्या भागांचे कारखाने. एका वसाहतीत मुलांच्या हाती पुस्तक असते, तर दुसरीत हाताला हत्याराची सवय असते. अभियांत्रिकीला प्रवेश घेण्याची आकांक्षा पहिल्या वसाहतीत तीव्र आहे. अभियांत्रिकी प्रत्यक्ष घडते ती मात्र दुसरीत. या दोहोंमध्ये अंतर चालत जाण्याइतकेच आहे. तरीही ते मुलांच्या वाचनातून ओलांडले जात नाही, ही वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे.

तंत्रज्ञानाची मुलांना ओळख करून देण्याचे दोन मार्ग सर्वमान्य आहेत : वाचन आणि जाणत्या व्यक्तीचे मार्गदर्शन. मराठीत हे दोन्ही मार्ग अस्तित्वात आहेत, परंतु ते परस्परांपासून अलग राहिले. मराठी बालवाङ्मयाने 'काय' आणि 'कोण' या प्रश्नांची उत्तरे दिली. 'कसे केले' या प्रश्नाचे उत्तर मात्र कारागिराच्या हातातच राहिले. या विभागणीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माहितीपर आणि चरित्रपर वाचन

मराठीतील विज्ञानप्रसाराची परंपरा क्षीण नाही. 'सृष्टिज्ञान' हे मासिक १९२८ साली पुण्यात सुरू झाले. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ साली झाली. १९७१ पासून बालभारतीचे 'किशोर' मासिक राज्यभरातील शाळकरी मुलांपर्यंत पोहोचत आले आहे. या प्रयत्नांमुळे मराठी मुलाला विज्ञानाची भाषा आपल्या भाषेत मिळाली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तथापि या वाङ्मयाचा रोख स्थूलमानाने दोन प्रकारांकडे राहिला. पहिला प्रकार माहितीचा : विमान कसे उडते, वाफेचे इंजिन कोणत्या तत्त्वावर चालते. दुसरा प्रकार चरित्राचा : एडिसनची चिकाटी, वॉटची किटली. माहितीपर लेखात यंत्र पूर्ण झालेले असते. ते तसेच का झाले, आधीचे नमुने कोठे फसले, हे त्यात येत नाही. चरित्रात अपयशाचा उल्लेख असतो, पण तो नायकाच्या धैर्याचे प्रमाण म्हणून. कोणता धातू वितळला, कोणता जोड सुटला, पुढच्या वेळी काय बदलले, हा तपशील गाळला जातो. अभियांत्रिकी विचार मात्र नेमका त्या तपशिलात असतो. अभियंत्याला दिलेल्या मर्यादांत चालणारी वस्तू उभी करायची असते. साहित्य, वजन, किंमत आणि वेळ यांच्याशी तडजोड हा त्याच्या कामाचा गाभा आहे. हा गाभा गाळून केलेली ओळख विज्ञानाची होते, अभियांत्रिकीची होत नाही.

'चंद्रावर स्वारी' : कथेतील अभियांत्रिकी

या चौकटीला एक लक्षणीय अपवाद अनुवादित कथावाङ्मयात सापडतो. भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी १९५१ ते १९५७ या काळात 'बालमित्र' मासिक चालवले आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांसाठी आणल्या. 'चंद्रावर स्वारी' ही त्यांपैकी सर्वपरिचित होय. मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ मधील. तिच्याकडे साहसकथा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः मूळ कृतीचा मोठा भाग साहसाचा नसून संकल्पनाचित्राचा आहे. तोफ किती लांब असावी, गोळा कोणत्या धातूचा, दारू कोणती, तोफ ओतायची कोठे, याची चर्चा एका समितीच्या बैठकांतून होते. गोळ्यासाठी ॲल्युमिनियम निवडले जाते, कारण तो धातू हलका आहे. नऊशे फूट लांबीची तोफ जमिनीत खोदलेल्या विवरातच ओतली जाते आणि त्यासाठी बाराशे भट्ट्या उभारल्या जातात.

कोल्हापूरच्या वाचकाला हे प्रकरण परके वाटण्याचे कारण नाही. साचा, भट्टी, रस ओतणे, थंड होण्याची वाट पाहणे, हे उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्रीतील रोजचे काम आहे. परंतु वाचक आणि ओतकाम करणारा कामगार एका खोलीत क्वचितच येतात. त्यामुळे पुस्तकातील भट्टी कल्पितच राहते.

मार्गदर्शक असेल तर हेच पुस्तक वेगळे वाचता येते. नऊशे फूट म्हणजे सुमारे २७४ मीटर. एवढ्या अंतरात गोळ्याला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग द्यायचा तर त्वरण किती, हे गणित अकरावीचा विद्यार्थी करू शकतो. उत्तर गुरुत्वीय त्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक येते; म्हणजे आतील प्रवासी तोफेच्या तोंडापर्यंतही जिवंत पोहोचणार नाहीत. येथे पुस्तक चुकले म्हणून ते बाद होत नाही. उलट, 'मग अग्निबाण का लागला?' हा प्रश्न या चुकीतूनच जन्मतो. चूक दाखवणारा आणि पुढचा प्रश्न विचारायला लावणारा जाणता माणूस जवळ असणे, हेच मार्गदर्शनाचे खरे स्वरूप आहे.

काड्यापेटीचे व्याकरण

दुसरे उदाहरण अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांचे. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेले गुप्ता पुण्याच्या टेल्को कारखान्यात होते. १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी काम केले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकृत्या जोडण्याची त्यांची पद्धत पुढे देशभर पोहोचली. मराठीसह अनेक भाषांत त्यांची पुस्तके विनामूल्य उपलब्ध झाली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या पुस्तकांचे वाङ्मयीन वैशिष्ट्य असे की त्यांतील वाक्य हे विधान नसून कृती असते. काड्यांचा चौकोन जोडला की तो दाबाने तिरका होतो. त्रिकोण होत नाही. हे मुलाला सांगितले जात नाही, त्याच्या बोटांना कळते. मग पत्र्याच्या छपराखालची कैची किंवा रेल्वे पुलाची तुळई पाहिली की तोच त्रिकोण ओळखू येतो. पुस्तकाने येथे मार्गदर्शकाची जागा काही अंशी भरून काढली आहे.

तरीही मर्यादा नोंदवणे भाग आहे. खेळणे पूर्ण झाले की पुस्तक संपते. काड्यांच्या त्रिकोणापासून वेल्डिंग केलेल्या कैचीपर्यंतची वाट दाखवणारे पुढचे पुस्तक मराठी मुलाच्या हाती सहजासहजी पडत नाही. प्राथमिक वयाची खेळणी आणि पदविकेची पाठ्यपुस्तके यांच्यामध्ये, बारा ते सोळा या वयासाठी, मोठी पोकळी आहे.

मार्गदर्शकाच्या दोन परंपरा

कोल्हापूरशी संबंधित दोन व्यक्तींच्या जडणघडणीतून मार्गदर्शनाच्या दोन परंपरा स्पष्ट होतात. डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांचा जन्म कोल्हापूरचा, बालपण बनारसचे. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरी वास्तव्यास आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार फळ्यावर एखादे अवघड गणित लिहून ठेवत आणि भाच्याला आव्हान देत. ते सुटेपर्यंत फळ्यावर तसेच राही. या मार्गदर्शनात शिकवणी नव्हती. प्रश्न होता, विश्वास होता आणि वेळ होता. पुढे नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी दीर्घकाळ काम केले, हा योग अर्थपूर्ण आहे.

दुसरी परंपरा बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर यांची. तंत्रशिक्षणाची पदवी नसलेल्या या कलावंताने बंधू आनंदराव यांच्यासह चलच्चित्रणाचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी काम पुढे नेले, स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेल्या विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम यांनी सहकाऱ्यांसह १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली. ही मार्गदर्शनाची साखळी कोणत्याही अभ्यासक्रमाविना निर्माण झाली.

परंतु मराठी मुलाला बाबूराव 'कलामहर्षी' म्हणून ठाऊक असतात. कॅमेऱ्याचे भाग कसे घडवले, फिल्म अचूक अंतराने पुढे सरकवण्याची युक्ती कशी साधली, हे सांगणारे बालपुस्तक परिचित नाही. गौरव कलेला मिळाला आणि हातोडी-कानशीचा भाग मौनात गेला. नारळीकरांचा फळा आत्मचरित्रात नोंदला गेला, कारण त्या घरात लेखन होते. कारखान्यातील ज्ञान नोंदले गेले नाही, कारण तेथे लेखनाला स्थान नव्हते. हा भेद बुद्धीचा नसून लेखणी कोणाच्या हाती होती याचा आहे.

कारखाना आणि लेखणी यांची भेट मराठीत मुळीच झाली नाही असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. कारखान्याचे हे वार्तापत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली पुढे मराठीतील प्रतिष्ठित मासिक झाले. मात्र प्रतिष्ठा मिळाली ती कथा, लेख आणि सामाजिक विचारासाठी. नांगराच्या फाळाची गोष्ट सांगणारे गद्य त्या मानाने वाढले नाही.

परंपरेची दुसरी बाजू

येथे एक आक्षेप उपस्थित होतो. उस्तादाच्या हाताखाली पोऱ्याने शिकावे, ही जुनी पद्धत पुनरुज्जीवित करावी काय? याचे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी द्यावे लागते. त्या पद्धतीत शिक्षण आणि बालमजुरी यांच्यातील रेषा पुसट होती. १९१७ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांच्या नगरीत तरी याचा विसर पडू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाची जागा शाळेत निश्चित केली आहे.

शिवाय ती परंपरा सर्वांना खुली नव्हती. हुन्नर जातीत आणि घराण्यात राहिले. मुलींना तर कारखान्याचे दार बंदच होते. मुलीसाठी तंत्रज्ञानाकडे जाणारी वाट बहुधा पुस्तकातूनच निघाली. म्हणून पुस्तकाला गौण ठरवणे अन्यायाचे ठरेल. मार्गदर्शक जन्माच्या योगायोगाने लाभतो. पुस्तक ग्रंथालयातून कोणालाही मिळते. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेचे महत्त्व या दृष्टीने आजही टिकून आहे. नव्या मार्गदर्शनाने हाताचे ज्ञान घ्यावे, पण त्यासोबतची वेठ आणि वगळणूक घेऊ नये.

समन्वयाचे प्रयोग

असा समन्वय शक्य आहे, हे पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञानाश्रमाने दाखवून दिले. अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयातून आठवी ते दहावीची मुले-मुली शाळेतच लोखंडकाम, विजेचे काम, शेती आणि आरोग्यविषयक कामे शिकू लागली. गावातील गरजेची कामे हेच पाठ्यसाहित्य आणि गावातील जाणते हेच निदेशक. २००२ साली याच पाबळमध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरील आरंभीच्या अशा केंद्रांत तिची गणना होते.

शासकीय पातळीवर २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आली. दहा हजार शाळांत अशा प्रयोगशाळा झाल्या, आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत शासकीय शाळांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकण्याची तरतूद आहे. साधने येत आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र त्रिमितीय मुद्रक शाळेत आणता येतो, तसा तो का चालत नाही हे उलगडणारा माणूस खरेदी करता येत नाही. तो शेजारच्या वसाहतीतून सन्मानाने बोलवावा लागतो.

भाषेचाही प्रश्न आहे. परिभाषा कोशातील संस्कृतनिष्ठ संज्ञा आणि कारखान्यातील 'जॉब', 'पाना', 'कोअर', 'कानस' ही बोली यांत मोठी दरी आहे. मुलांसाठी लिहिताना कारखान्याची बोली अशुद्ध मानून वगळली, तर त्या बोलीत वाढलेल्या मुलाला आपले घरच पुस्तकाबाहेर ठेवल्यासारखे वाटते. दोन्ही शब्द शेजारी ठेवणारे गद्य लिहिले जाणे गरजेचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की मराठीत तंत्रविषयक बालवाचनाची उणीव संख्येची कमी आणि दृष्टीची अधिक आहे. वस्तू घडण्याची प्रक्रिया, तीतील फसगत आणि दुरुस्ती हा वाङ्मयाचा विषय होऊ शकतो, हे व्हर्नच्या कथेने आणि काड्यापेटीच्या पुस्तकांनी सिद्ध केले आहे. पाबळने तो शालेय विषय होऊ शकतो हे सिद्ध केले. उरलेले काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. मराठी विभागातील विद्यार्थ्यांनी उद्यमनगरातील ज्येष्ठ टर्नर, फिटर आणि ओतकाम करणाऱ्यांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत नोंदवावेत. विज्ञान विभागाने त्यांतील तत्त्व तपासावे. आणि या नोंदींतून बारा ते सोळा वयाच्या वाचकासाठी छोटी पुस्तके सिद्ध व्हावीत. या कामाला विलंब परवडणारा नाही. हाताने काम करणारी जुनी पिढी निवृत्त होत आहे आणि संगणकनियंत्रित यंत्रे तिची जागा घेत आहेत. तिचे ज्ञान कागदावर उतरले नाही, तर राजारामपुरीतील मूल अभियंता होईलही. पण शेजारच्या वसाहतीत काय घडत होते, हे त्याला कधीच कळणार नाही.