सैन्यातील निवडकसोट्या आणि उमेदवाराची भाषा

सैन्याधिकारी निवडताना उमेदवाराच्या मनाची पारख शास्त्रीय कसोट्यांनी व्हावी, हे तत्त्व आपल्याकडे १९४३ साली डेहराडून येथील निवडमंडळापासून रूढ झाले. केवळ मुलाखतीवर, पर्यायाने कुळावर व ओळखीवर, विसंबण्यापेक्षा ही पद्धती निःसंशय न्याय्य होय. तथापि तिच्या एका गृहीतकाची चिकित्सा अवश्य आहे.

शब्दसाहचर्य कसोटीत साठ शब्द एकामागून एक दाखविले जातात. प्रत्येकी १५ सेकंदांत मनात येणारा पहिला विचार इंग्रजीत वा हिंदीत लिहावयाचा असतो. वेगामुळे मनावरचा पहारा सुटतो, हे येथील गृहीतक. मातृभाषेपुरते ते सयुक्तिक आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीचा एखादा पदवीधर घ्या. घरी वऱ्हाडी, तांड्यावरचा असेल तर गोरमाटी, शाळेत मराठी. त्याचे पंधरा सेकंद भाषांतरातच खर्ची पडतात. मग कागदावर उतरते ते उत्स्फूर्त मन नव्हे, तर पाठ केलेले निर्धोक वाक्य. आशयाचेही तसेच. कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या घरात ‘पाऊस’ या शब्दासरशी चिंता जागी झाली, तर ती स्वभावातील निराशा म्हणता येणार नाही. तो अनुभव होय.

या दोषाला पूर्वेतिहास आहे. अमेरिकेत पहिल्या महायुद्धकाळी येर्क्स यांच्या नेतृत्वाखाली सतरा लाखांवर सैनिकांचे बुद्धिमापन झाले. त्या आकड्यांवरून ब्रिघम यांनी १९२३ साली वंशनिहाय निष्कर्ष काढले. १९३० साली त्यांनीच ते मागे घेतले. याउलट डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटी केवळ भाषांतरित न करता मराठी व कानडी मुलांवर प्रमाणित केली. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला.

सैन्याचा व्यवहार इंग्रजी-हिंदीत चालतो, म्हणून कसोटीही त्याच भाषांत असावी, हा आक्षेप पोकळ नाही. पण मग भाषेची परीक्षा भाषा म्हणूनच घ्यावी. तिच्या गुणांना नेतृत्वाचे नाव देऊ नये. महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबाद येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था स्थापिली. अशा शिक्षणाने निकाल पालटत असेल, तर कसोटी प्रकृती मोजते की पूर्वतयारी, हा प्रश्न उरतोच.

याचे उत्तर तर्काने मिळणार नाही. उमेदवारांचे गुण, मातृभाषा आणि सेवेतील पुढील कर्तृत्व यांची तुलना प्रसिद्ध व्हावी. यथार्थतेचा तोच खरा पुरावा होय. तो पुढे येईपर्यंत नापास ठरलेल्या ग्रामीण तरुणाच्या मनाविषयी निर्णय देण्याचा अधिकार या कसोटीस पूर्णांशाने प्राप्त होत नाही.