चार नटांवरचं इंजिन

फोक्सवागन बीटलचं इंजिन गाडीला चार ठिकाणी धरलेलं असतं, बस्स. वर दोन बोल्ट, खाली दोन स्टड, आणि चारही नटांना एकच 17 नंबरचा पाना. त्याला स्वतःचं बैठं माउंटिंग नाही, मागच्या टोकाला आधार नाही. शंभर किलोंच्या आसपासचं हे धूड गिअरबॉक्सच्या तोंडाला जोडलेलं असतं आणि त्या एका जोडावर अधांतरी राहून वर्षानुवर्षं गाडी ढकलत असतं. जुन्या गाडीचं इंजिन घरच्या अंगणात उतरवून पुन्हा चढवण्याच्या कामाकडे एक रचना म्हणून पाहायचं असेल, तर माझ्या मते बीटलइतका समृद्ध नमुना दुसरा नाही.

आपल्या ओळखीची गाडी आधी आठवावी. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या प्रीमिअर पद्मिनीचं इंजिन पुढे, उभ्या सिलिंडरांचं, पाण्याने थंड होणारं. ते काढायचं तर पाणी सोडा, होजपाइप सोडवा, रेडिएटर काढा आणि मग तुळईला चेन-पुली अडकवून इंजिन वर उचला. वजन डोक्याच्या पातळीला झुलत असतं आणि काम करणारा पूर्ण वेळ दबकून असतो. बीटलमध्ये हे सगळं उलटं होतं. तिथे इंजिन खाली उतरवायचं आणि गाडी त्याच्यावर उचलून धरायची.

हे शक्य होतं ते इंजिनाच्या घडणीमुळे. फर्डिनांड पोर्श यांच्या कचेरीत 1930च्या दशकाच्या मध्यावर फ्रान्झ राइमस्पीस यांनी हे इंजिन आखलं. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे झोपलेले. बुटकं असल्यामुळे ते गाडीच्या मागच्या पोटाखालून निघू शकतं. हवेने थंड होत असल्यामुळे रेडिएटर, पाणी आणि त्यांचे पाइप ही सगळी गर्दीच नाही. इंजिनात तेल मावतं जेमतेम अडीच लिटर, आणि इंजिन उतरवण्यासाठी तेही सोडावं लागत नाही. या गाडीचा जन्म हिटलरच्या राजवटीतला आहे आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यात वेठबिगार राबवले गेले, हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही. 1945 मध्ये ब्रिटिश लष्कराचे मेजर आयव्हन हर्स्ट यांनी वोल्फ्सबुर्गचा तो मोडका कारखाना पुन्हा सुरू केला. पुढे कंपनीने नूतनीकरण केलेली इंजिनं बदलून देण्याची सोयच ठेवली होती: थकलेलं इंजिन द्या, दुरुस्त केलेलं घेऊन जा. भराभर निघेल आणि भराभर बसेल असं इंजिन असल्याशिवाय ही सोय चालली नसती.

उतरवण्याचा पहिला भाग म्हणजे एकेक नातं सोडवणं. मागच्या सीटखालची बॅटरी आधी, कारण पेट्रोलच्या नळीजवळ ठिणगी नको. मग जनरेटर, कॉइल आणि तेलाच्या दाबाच्या स्विचच्या वायरी, प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर खूण. पेट्रोलची नळी चिमट्याने दाबून सोडवायची आणि तिचं तोंड बंद करायचं. खाली हीटरच्या दोन केबल आणि गरम हवेचे दोन जाड होज. आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल. ही केबल पंख्याच्या पत्र्याच्या घरातून, एका बारीक नळीतून आरपार जाते. कार्ब्युरेटरकडचा स्क्रू सैल केला म्हणजे ती सुटली असं वाटतं, पण ती अजून त्या नळीत असते. गाडीखाली जाऊन पुढच्या बाजूने ती ओढून घ्यावी लागते, नाहीतर इंजिन सरकताना तिला मुरड पडते. इंजिनाच्या मध्यातून जाणारा हा एकच धागा आहे. बाकी सगळे कडेने येतात. म्हणून मला तो या यादीतला सगळ्यात देखणा वाटतो.

मग ते चार नट. खालचे दोन सोपे, गाडीखाली झोपलं की समोर दिसतात. वरचे दोन पंख्याच्या घराच्या पलीकडे लपलेले असतात. तिथे डोळा पोचत नाही. हात आत घालून बोटांनी नट शोधायचा, पाना चढवायचा आणि तो बसला की नाही हे मनगटाला विचारायचं. उजवीकडचा वरचा बोल्ट स्टार्टर मोटरलाही धरून असतो, म्हणजे एकाच बोल्टवर दोन कामं. जुन्या गाड्यांत वर नट फिरवताना बोल्टचं डोकंही फिरतं, म्हणून दुसऱ्या माणसाला खालून ते धरावं लागतं. एक जण इंजिनावर ओणवा, दुसरा गाडीखाली उताणा, आणि मध्ये पत्र्याची भिंत. “लागला?” “थांब. हां, लागला.” या कामात इतकंच बोलणं पुरतं. नंतरच्या गाड्यांत बोल्टाचं डोकं एका बाजूने सपाट केलं, म्हणजे ते आवरणाला टेकून अडतं आणि एकटा माणूसही नट सोडवू शकतो. घरी काम करणाऱ्या एकट्या माणसाचा विचार या बारीकशा बदलात आहे, असं मी मानतो.

शेवटचे नट सोडण्याआधी इंजिनाखाली जॅक हवा. गाडी मात्र जॅकवर ठेवायची नाही, भक्कम स्टँडवर ठेवायची. या बाबतीत कुणाचं काही ऐकू नये. नट निघाले की इंजिन मागे ओढायचं, साधारण चार इंच, अगदी सरळ. मग गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून मोकळा होतो आणि इंजिन खाली येतं. त्यानंतर गाडीची मागची बाजू पंख्याच्या घरापेक्षा उंच, म्हणजे जवळजवळ तीन फूट, उचलून धरली की इंजिन तिच्या पोटाखालून बाहेर सरकतं.

इंजिन बाहेर आलं की समोर येतं ते फ्लायव्हील. घरी इंजिन उतरवणाऱ्यांपैकी अनेकांना खरं तर एवढंच हवं असतं: क्लचप्लेट झिजलेली असते किंवा फ्लायव्हीलमागचं सील तेल गाळत असतं. फ्लायव्हीलच्या मधोमध एकच मोठा नट असतो, 36 नंबरचा. इंजिन धरणाऱ्या चार नटांना पुरे होतो 3 किलोग्रॅम-मीटर पीळ. या एकट्याला 35 लागतो. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला 35 किलो वजन टांगावं, इतका. संपूर्ण इंजिन धरणारे नट मनगटाच्या जोरावर बसतात आणि एका चाकाला धरणारा नट अख्ख्या अंगाचा भार मागतो. कारण उघड आहे. ते चार नट दोन आवरणं एकमेकांना चिकटवून ठेवतात, तर या एका नटाच्या आणि चार बारीक खिळ्यांच्या भरवशावर इंजिनाची सगळी ताकद चाकांकडे जाते. फ्लायव्हीलच्या मागे तीन पातळ चकत्या असतात. त्यांची जाडी निवडून क्रँकशाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल 0.07 ते 0.13 मिलिमीटरच्या आत बांधायची. नट आवळताना लागणारा दम आणि केसाएवढ्या फटीचा हिशेब एकाच जागी मागणारं दुसरं काम मला माहीत नाही.

तरीही, माझ्या लेखी उतरवणं हा पूर्वार्ध. रस आहे तो चढवण्यात.

त्या मोठ्या नटाच्या पोटात एक लहानसं सुई-बेअरिंग असतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात टेकतं. तिथे पोचण्याआधी शाफ्टवरचे दाते क्लचप्लेटच्या मधल्या दात्यांत शिरायला हवेत, आणि त्यासाठी क्लचप्लेट आधीच बरोबर मध्यावर आवळलेली हवी. ती मध्यावर आणायला खास दांडा मिळतो, किंवा जुना गिअरबॉक्स शाफ्ट वापरतात. म्हणजे तीन गोष्टी एका रेषेत: बेअरिंग, प्लेट, शाफ्ट. शिवाय स्टड त्यांच्या भोकांत आणि बोल्ट त्यांच्या. जात्याची वरची तळी ज्यांनी मधल्या खिळ्यावर बसवली आहे त्यांना ही जुळणी हाताने कळेल.

इथे जोर कामाचा नाही. इंजिन जॅकवर वर आलेलं असतं, शाफ्टचं टोक क्लचच्या तोंडाशी असतं आणि तरी ते आत जात नाही. अशा वेळी बोल्ट घालून नट आवळत इंजिन ओढून घेण्याचा मोह होतो. तो सगळ्यात घातक, कारण वजन शाफ्टवर येतं आणि क्लचप्लेटचा मधला भाग वाकतो. करायचं असतं ते वेगळं. गाडी गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे शाफ्ट स्थिर राहतो. इंजिनाच्या मागच्या पुलीला पाना लावून क्रँक किंचित फिरवायचा. जॅक एक दोन दाते वर, मग थोडा खाली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या तोंडांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का हे डोळ्याने पाहायचं; वर जास्त असेल तर इंजिन मागच्या टोकाला झुकलंय. फट सारखी झाली आणि दाते समोर आले की इंजिन स्वतःहून आत सरकतं. हाताला ते आधी जाणवतं, मग कानाला ऐकू येतं. मी या क्षणाला या साऱ्या कृतीचा प्राण म्हणतो. मापं, पाने, पुस्तकं तिथपर्यंत आणून सोडतात. पुढचं हाताच्या संवेदनेवर.

पुस्तकांचा विषय निघाला म्हणून जॉन म्यूर यांचं नाव घ्यायलाच हवं. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात राहणाऱ्या या इंजिनिअरने 1969 साली फोक्सवागन जिवंत कशी ठेवावी यावर पुस्तक काढलं, ज्यांना यंत्रातलं काहीही कळत नाही अशांसाठी. पीटर अशवांडन यांची त्यातली रेखाचित्रं आजही पाहावीत अशी आहेत. गाडीशी बोलता येतं आणि तिचं ऐकावं लागतं, ही वृत्ती त्या पुस्तकाने हजारो अंगणांत नेली. बीटल एकूण 2,15,29,464 बनल्या. शेवटची मेक्सिकोत पुएब्लाच्या कारखान्यातून 30 जुलै 2003 रोजी निघाली. त्यातल्या जेवढ्या आजही चालतात, त्यातल्या कितीतरी अशा घरगुती हातांवर जगल्या असणार.

चार नट बसले की लोक हुश्श करतात, आणि नेमका सगळ्यात सूक्ष्म भाग तिथेच हुकतो. इंजिनाच्या चहूबाजूंनी पत्रे असतात आणि पत्र्यांच्या कडेने गाडीच्या अंगाला टेकणारी रबराची पट्टी. दिसायला ती धूळ अडवण्यासाठी वाटते. प्रत्यक्षात ती दोन हवांमधली सीमा आहे. पंखा वरची थंड हवा ओढतो, सिलिंडरांच्या पंखांमधून खाली ढकलतो, आणि तापलेली हवा गाडीखाली जाते. पट्टी नसेल किंवा एखादा पत्रा ‘काय फरक पडतो’ म्हणून परत लावला नसेल, तर तीच तापलेली हवा फटीतून वर येऊन पुन्हा पंख्यात शिरते. आधीच तीन नंबरच्या सिलिंडरचं नशीब थोडं वाईट: जुन्या इंजिनांत तेल थंड करणारा कूलर नेमका त्याच्या वाटेत उभा असतो, म्हणून त्याला ऊन हवा मिळते आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळतो. कंपनीने 1971 च्या मॉडेलपासून कूलर बाजूला, स्वतःच्या वेगळ्या घरात हलवला. ज्या यंत्राला हवेशिवाय दुसरा आधार नाही, त्याच्यात एक पत्राही सजावटीचा नसतो. स्वच्छ आवळलेल्या बोल्टांपेक्षा मी आधी ही पट्टी पाहतो. तिच्यावरून काम करणाऱ्याला इंजिन कळलंय की नाही ते समजतं.

पहिल्यांदा सुरू करताना कॉइलची वायर काढून ठेवून स्टार्टर फिरवावा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग वायर लावावी. क्लचच्या पेडलला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती केबलच्या टोकाच्या पंखनटाने मिळवतात. आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवावा. सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे भेटतात त्याच्या खाली डाग दिसला, तर बोटावर घेऊन वास घ्यावा. गिअरच्या तेलाला गंधकाचा उग्र दर्प असतो. तो आला तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचं सील गळतंय. साध्या तेलाचा वास आला तर फ्लायव्हीलमागचं. दोन्ही सीलं त्या एकाच जोडाच्या आत असतात, तेव्हा कुठलंही असलं तरी इंजिन पुन्हा खाली घ्यावं लागतं. पण या खेपेला इंजिन खाली येण्याआधीच नेमकं कुठलं सील आणून ठेवायचं, ते माहीत असतं.