नाव फसवे, मापही फसवे

काही शास्त्रीय नावे ओळख करून देण्याऐवजी दिशाभूल करतात. 'ल्यूपस अँटिकोअॅग्युलंट' हे त्यांपैकी एक. शब्दशः अर्थ, ल्यूपस रोगातील रक्त गोठू न देणारा पदार्थ. आमच्या मते या नावाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

कॉन्ली आणि हार्टमन यांनी १९५२ साली ल्यूपसच्या दोन रुग्णांचे रक्त परीक्षानळीत उशिरा गोठते असे नोंदवले. अशा रुग्णांच्या शरीरात उलट गुठळ्या होतात, हे १९६३ मध्ये बोवी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. तरीही १९७२ मध्ये हे नाव दिले गेले आणि रूढ झाले. पुढे असेही दिसले, की हा दोष असलेल्या अनेकांना ल्यूपस नसतोच.

मग नळीत आणि शरीरात असा विरोध का? हा पदार्थ म्हणजे शरीराने स्वतःच्याच घटकांविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडे. रक्त गोठण्याच्या काही पायऱ्या फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाच्या पृष्ठभागावर घडतात. नळीत तो मोजकाच असतो. प्रतिपिंडे तो अडवतात आणि वेळ वाढतो. शरीरात मात्र तीच प्रतिपिंडे रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि बिंबाणू यांना चेतवतात.

हृदयशस्त्रक्रियेत हा शब्दांचा वाद राहत नाही. हृदय-फुप्फुस यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. ते पुरेसे आहे का, हे 'एसीटी' या गोठणकालाच्या चाचणीने ठरवतात. पुष्कळ ठिकाणी सुमारे ४८० सेकंद झाल्यावर यंत्र सुरू होते. पण या रुग्णांत प्रतिपिंडेही हा आकडा फुगवू शकतात. आकडा पुरेसा, हेपॅरिन मात्र अपुरे, आणि गुठळीचा धोका! उलट, अंदाजाने जादा हेपॅरिन दिले तर रक्तस्रावाची भीती. म्हणून जाणकार गोठणकालावर विसंबत नाहीत. रक्तातील हेपॅरिनच मोजतात, किंवा रुग्णाच्या रक्तात ठरावीक हेपॅरिन मिसळून त्याच्यापुरते कोष्टक आधीच तयार करतात.

'नाव जुने आहे, तज्ज्ञांना खरा अर्थ ठाऊक असतो,' असे यावर म्हटले जाते. पण अहवाल केवळ तज्ज्ञच वाचत नाहीत. 'गोठणकाल लांबवणारी फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे' हे नाव लांबलचक आहे, पण खरे आहे.

शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. आकडा अचूक असूनही त्याचा अर्थ चुकू शकतो. मापनाचा धडा शिकवताना 'किती?' याच्या आधी 'नेमके कशाचे?' हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली पाहिजे.