कुत्रा सोबत असला की पक्षी जातात कुठे? एका छोट्या पेपरचं वाचन

डिसेंबरची सकाळ, नागभीडजवळच्या घोडाझरी तलावामागच्या टेकड्या, धुकं, सागाचं जंगल आणि पुढे पळणारा कुत्रा. फोटो छान येतो. पण या फेरीचा जंगलाला काही त्रास होतो का? होत असेल तर माणसामुळे किती आणि कुत्र्यामुळे किती? हा प्रश्न पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट या दोघांनी ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या जंगलात तपासला. त्यांचा पेपर 2007 मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये आला. जेमतेम तीन पानं. पीएचडीची तयारी करत असाल तर तो जरूर वाचा, कारण चांगलं डिझाइन कसं असतं आणि चांगल्या डिझाइनमधूनही निष्कर्ष कसा थोडा पुढे पळतो, हे दोन्ही त्यात दिसतं.

आधी त्यांनी केलं काय ते बघा. 90 जागा निवडल्या. काही ठिकाणी पट्टा बांधलेला कुत्रा घेऊन माणूस चालला, काही ठिकाणी माणूस एकटाच चालला, काही ठिकाणी कोणीच नाही. फेरी झाली की लगेच पक्षी मोजले. कुत्रा होता तिथे पक्ष्यांच्या प्रजाती 35 टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या 41 टक्क्यांनी कमी भरली. एकट्या माणसामुळेही फरक पडला, पण तो साधारणपणे कुत्र्याच्या निम्म्याहून कमी. सगळ्यात जास्त परिणाम जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांवर.

या पेपरची खरी ताकद आकड्यांत नाही, मधल्या गटात आहे. समजा आपण नुसतं मोजलं असतं की जिथे कुत्रे जास्त तिथे पक्षी किती. ब्रह्मपुरी भागात जिथे कुत्रे जास्त तिथे गाव जवळ असतं. गाव जवळ म्हणजे सरपण, शेळ्या, मोटारसायकली, सगळंच आलं. मग पक्षी कमी दिसले तर दोष कोणाच्या माथी मारायचा? बँक्स आणि ब्रायंट यांनी फेरी स्वतः घडवून आणली आणि 'फक्त माणूस' असा वेगळा गट ठेवला. त्यामुळे कुत्र्याचा वाटा सुटा करता आला.

दुसरी चांगली गोष्ट. "पक्ष्यांना सवय होते हो," असं कोणीही म्हणेल. म्हणून त्यांनी दोन प्रकारच्या जागा घेतल्या: कुत्र्यांची रोजची ये-जा असलेल्या आणि कुत्र्यांना बंदी असलेल्या. परिणाम दोन्हीकडे दिसला. गाइडने व्हायव्हामध्ये विचारावा असा प्रश्न त्यांनी आधीच ओळखून डिझाइनमध्ये घातला. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा एक तरी प्रश्न आधीच हाताळलेला असू द्या.

आता तक्रार. पेपरच्या शीर्षकातच म्हटलंय की कुत्र्यांमुळे पक्षी त्या जागेवरून हटतात. मोजलंय काय? फेरीनंतर लगेच किती पक्षी दिसले किंवा ऐकू आले, एवढंच. गप्प बसलेला पक्षी आणि उडून गेलेला पक्षी, दोघेही डेटाशीटवर सारखेच: शून्य. तितर कुत्रा पाहून झुडपात दबून बसला तर तो हटला असं म्हणायचं का? उलट सातभाईंचं बघा. काही संशयास्पद दिसलं की ते कलकलाट करतात, म्हणजे त्रास झाला तरी त्यांची नोंद वाढू शकते. 'कमी आढळले' आणि 'कमी झाले' या दोन वाक्यांमधलं अंतर या पेपरने पार केलेलं नाही. तासाभराने पुन्हा मोजलं असतं, पक्षी किती अंतरावर दिसला ते नोंदवून हिशेब केला असता, तर काही बोलता आलं असतं.

आणि शेवटी लेखक निसर्गाच्या दृष्टीने नाजूक जागांत कुत्रे फिरवू देऊ नयेत या बाजूला जातात. सल्ला चुकीचा असेलच असं नाही. पण फेरीनंतरच्या थोड्या वेळाच्या मोजणीवरून कायमच्या बंदीकडे जाताना मधल्या पायऱ्या हव्यात: खाणं कमी झालं का, घरटी सोडली का, वर्षभरानंतर काय?

महाराष्ट्रातलं एक काम यासोबत वाचा. अबी वनक, मारिया ठाकर आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर खोकडांसमोर खाण्याचे ट्रे ठेवले. कधी समोर कुत्रा, कधी नुसता कुत्र्याचा वास, कधी दोन्ही नाही. कुत्रा दिसत असताना खोकडं ट्रेपाशी कमी वेळ थांबली, कमी खाल्लं, जास्त सावध राहिली. नुसत्या वासाने त्यांची सावधता वाढली नाही. इथे खोकड 'गेलं' असं म्हणावं लागत नाही. त्याने किती खाल्लं ते थेट मोजलंय. दावा लहान आहे, म्हणून पक्का आहे.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, हाच प्रयोग ब्रह्मपुरीत करू. करा, पण तसाच उचलून आणू नका. पहिलं कारण सागाची पानगळ. हिवाळ्याच्या सुरुवातीला पानं असतात, फेब्रुवारीत झाडं बरीच उघडी पडतात. पक्षी जास्त दिसू लागतात आणि वाळक्या पाचोळ्यावर तुमची पावलंही जास्त वाजतात. डिसेंबरमध्ये कुत्र्याच्या फेऱ्या आणि फेब्रुवारीत बिनकुत्र्याच्या अशी वाटणी केलीत, तर तुम्ही कुत्रा नाही, पानगळ मोजाल. रोज दोन्ही फेऱ्या, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ब्रह्मपुरी वनविभागात अभयारण्याबाहेरच्या जंगलातही वाघ आहेत आणि वाघांच्या हल्ल्यांत इथली माणसं गेलेली आहेत. सिडनीच्या पेपरचा कणा असलेला 'एकटा माणूस' हा गट इथे पहाटे जंगलात पाठवता येणार नाही. स्वतःलाही नाही आणि रोजंदारीवर घेतलेल्या गावच्या माणसाला तर मुळीच नाही. कुत्रा सोबत असला म्हणजे राखण झाली असंही समजू नका, बिबट्यासाठी तो शिकार आहे. मग काय करायचं? दोन्ही गटांत वन विभागाच्या माणसासह तितकीच माणसं ठेवा, ऊन वर आल्यावर निघा, फरक फक्त कुत्र्याचा ठेवा. 'एकट्या माणसाचा परिणाम' हा प्रश्न सोडून द्यावा लागेल, आणि तसं थीसिसमध्ये स्पष्ट लिहा. घोडाझरीला 2018 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळालाय. तिथे अभ्यासासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 28 खाली परवानगी लागते, आणि कुत्रा आत नेण्याची परवानगी मिळेल असं धरून वेळापत्रक आखू नका.

तिसरं कारण म्हणजे कुत्रा कोणाचा. सिडनीत तो पट्ट्याला बांधलेला, फिरायला निघालेल्या माणसाचा. इथे तो बहुतेक वेळा मोकळा, गुराख्यामागे किंवा सरपणाला निघालेल्या बायांमागे आपणहून गेलेला. 41 टक्क्यांचा आकडा तिथून उचलून इथल्या अहवालात टाकला, तर बंदी फोटोसाठी येणाऱ्यांवर नाही, जंगलाशिवाय ज्यांची चूल पेटत नाही त्यांच्यावर येईल. म्हणून दुसरीकडचा आकडा वापरताना तो कोणत्या कुत्र्याचा आहे, हे त्याच वाक्यात लिहायचं.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या विषयातला एक पेपर घ्या, शीर्षकातलं क्रियापद अधोरेखित करा आणि मेथड्समध्ये ती क्रिया नेमकी कुठे मोजली आहे ते शोधा. सापडली नाही, तर पेपर टाकून देऊ नका. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच असेल.