बिटरची परीक्षा

पिणें न पिणें हा ज्याच्या त्याच्या आचाराचा प्रश्न आहे. परंतु इंग्लंडांतील ‘बिटर’ नांवाच्या बिअरचा निवाडा करावयाचा, तर तो तरी नीट व्हावा. बिटर म्हणजे कडू, म्हणून जितकी कडू तितकी चांगली, असा पुष्कळांचा ग्रह असतो. आम्हांस तो मान्य नाहीं. मोड आणून भाजलेल्या जवाचा गोडवा आणि हॉप वेलीच्या फुलांचा कडूपणा यांचा तोल, हेंच तिचें मर्म होय.

अमळनेरच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हां पेला बर्फासारखा गार असावा असें कोणासही वाटेल. परीक्षकानें मात्र हा मोह आवरावा. इंग्लंडांत बिटर तळघराच्या गारव्यास, सुमारें ११ ते १३ अंशांवर देतात. अति थंडीनें जीभ बधिर होते, आणि पेयाचे गुणदोष दोन्ही झांकले जातात.

पाडव्यास कडुनिंब गुळासह खाणाऱ्या आम्हां लोकांस ही कसोटी परकी वाटूं नये. घोट गिळल्यावर कडूपणा जिभेवर रेंगाळावा, परंतु दुसऱ्या घोटाची इच्छा त्यानें मारूं नये. ज्या बिटरमध्यें केवळ कडूपणाच उरतो, ती आमच्या मतें फसलेली समजावी.