दहा बाइटांत न मावणारा गटक्रमांक

सातबाऱ्याची माहिती गटनकाशाला जोडायला बसलं की पहिली ठेच रकान्याच्या नावाला लागते. रकान्याला ‘गटक्रमांक’ असं नाव द्या, शेपफाइलमध्ये साठवा आणि पुन्हा उघडा. नाव ‘गटक’ झालेलं असतं. ‘तालुका’चं ‘ताल’ होतं. ‘गाव’ तेवढं शाबूत राहतं. शेपफाइलमधलं कोष्टक डीबीएफ या जुन्या साच्यात असतं आणि तिथे रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी सुटी धरून, ३ बाइट घेतं. मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५४ बाइट, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. सामायिक खात्यावरची चार नावं लिहिली की रकाना भरतो. पाचव्या भावंडाचं नाव बाहेर राहतं.

डेस्कटॉप जीआयएसची तुलना मी इथून सुरू करतो, कारण आपल्याकडे ती बहुतेक वेळा किमतीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

रोजच्या व्यावसायिक कामात आज खरी निवड दोघांतच आहे, आर्कजीआयएस प्रो आणि क्यूजीआयएस. पहिल्यामागे एसरी ही कंपनी आहे. जॅक आणि लॉरा डेंजरमंड यांनी ती १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्सला काढली. दुसरं गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये अलास्कात लिहायला घेतलं आणि आज जगभरचे लोक मिळून ते वाढवतात. ग्लोबल मॅपर उंचीच्या आणि लायडारच्या कामाला चपळ आहे. मॅपइन्फोचा जुना दबदबा आता उरलेला नाही.

आर्कजीआयएसची मोठी ताकद टोपोलॉजीत आहे. दोन गटांमधला बांध जमिनीवर एकच असतो. संगणकावर मात्र तो दोनदा काढला जातो आणि मध्ये केसाएवढी फट राहते किंवा एक गट दुसऱ्यावर चढतो. आर्कजीआयएसच्या जिओडेटाबेसमध्ये ‘फट नको, चढ नको’ हा नियम माहितीसोबतच राहतो. चूक झाली की ती नोंदली जाते आणि दुरुस्त होईपर्यंत दिसत राहते. दहा जण मिळून तालुक्याचं काम करत असतील तर या शिस्तीची किंमत मोजण्यासारखी आहे. मात्र ही सोय मूळ परवान्यात मिळत नाही, वरच्या पातळीचा घ्यावा लागतो. क्यूजीआयएसमध्येही तपासणी होते, सामायिक बांध एकत्र हलवता येतो, पण तपासायची आठवण माणसाने ठेवायची.

क्षेत्रफळात मात्र मला क्यूजीआयएस जास्त भावतं. यूटीएम या सपाट नकाशाच्या पद्धतीतला ४३वा पट्टा ७८ अंश रेखांशावर संपतो आणि ४४वा सुरू होतो. ही रेषा यवतमाळ जिल्ह्यातून जाते. तिथल्या पट्ट्याच्या कडेला सपाट नकाशावर क्षेत्र काढलं तर ते १०० हेक्टरांमागे साधारण १६ आर जास्त येतं. क्यूजीआयएसचं ‘डॉलर एरिया’ हे सूत्र पृथ्वीची गोलाई धरून हिशेब करतं. आर्कजीआयएसमध्ये आपोआप भरणारा क्षेत्राचा रकाना सपाट हिशेबाचा असतो. गोलाईचं क्षेत्र हवं तर तसं सांगून काढावं लागतं. नवशिक्या तंत्रज्ञाला हे कोणी सांगत नाही. आणि ज्या शेतकऱ्याच्या कागदावर तो आकडा उतरतो, त्याला ते कळायला मार्गच नाही.

क्यूजीआयएसचे दोष लपवायचं कारण नाही. प्लगिन हे त्याचं वैभव आणि तेच त्याचं दुखणं. २०१८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा जुनी प्लगिनं नव्याने लिहिल्याशिवाय चालेनात. कामासाठी दीर्घ आधाराचीच आवृत्ती घ्यावी, ताजीच्या मागे लागू नये. पण पैसे मोजले म्हणून असं होत नाही, असंही नाही. आर्कमॅप या प्रोच्या आधीच्या सॉफ्टवेअरवर दोन दशकं काम केलेल्यांना एसरीने १ मार्च २०२६ ही आधाराची शेवटची तारीख दिली. त्यांचे नकाशे प्रोमध्ये उघडतात, पण पायथन २ मधल्या स्क्रिप्ट पायथन ३ साठी दुरुस्त कराव्या लागतात.

म्हणून माझा कौल असा. मोठा चमू, काटेकोर टोपोलॉजी आणि परवान्याची कायमची तरतूद असेल तर आर्कजीआयएस प्रो घ्यावं. एकट्या-दुकट्याने किंवा छोट्या संस्थेने क्यूजीआयएस घ्यावं आणि वाचलेल्या पैशातला काही भाग त्या प्रकल्पाला द्यावा. दोन्ही घरी शेपफाइल मात्र थांबवायला हवी. जिओपॅकेज हे २०१४ पासूनचं खुलं मानक आहे. सगळे थर एकाच फाइलमध्ये राहतात, नावं देवनागरीत पूर्ण मावतात आणि दोन्ही सॉफ्टवेअर ती फाइल वाचतात. पुढचं गाव हाती घ्याल तेव्हा फाइल त्यात तयार करा आणि पहिल्या रकान्याला ‘गटक्रमांक’ हे पूर्ण नाव द्या.