तिथीवाचून सण : गोंदिया जिल्ह्याच्या सणवर्षाची मांडणी

मराठीतील सणविषयक ग्रंथांची रचना पाहिली असता तिचा कणा प्रायः पंचांगाचा असल्याचे दिसते. ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहिणाऱ्या वामन मंगेश दुभाषी यांचा ‘आर्यांच्या सणांचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास’ हा या परंपरेतील आद्य व मान्य ग्रंथ होय. पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या भारतीय संस्कृतिकोशात नोंदी अकारविल्हे असल्या, तरी सणाची ओळख पटते ती मास, पक्ष आणि तिथी यांवरूनच. इंग्रजी अमदानीतील अभ्यासकांनी दुसरी वाट धरली. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली चार खंडांत मध्यप्रांतातील जातिजमातींचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात सण हे जातीच्या नोंदीखाली येतात. म्हणजे एके ठिकाणी तिथी हा घटक, तर दुसऱ्या ठिकाणी जात. या दोन्ही चौकटींनी अभ्यासाला पुष्कळ दिले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गोंदिया जिल्ह्याचे सणवर्ष त्यांत बसवू जाता जे बाहेर राहते ते गौण नसून वर्षाचा मध्यच असतो. या आक्षेपाची तपासणी व्हावयास हवी.

पहिली अडचण महिन्यांच्या नावांचीच आहे. 1999 साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तरेस बालाघाटला आणि पूर्वेस छत्तीसगडला भिडलेला आहे. 1956 पर्यंत हा सारा मुलूख एकाच प्रांतात होता आणि सोयरिकीला वाघ नदी कधी आडवी आली नाही. मराठी पंचांग अमान्त, तर पलीकडचे पूर्णिमान्त. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचे एकमत असते आणि वद्य पक्ष लागताच महिन्याचे नाव बदलते. आषाढी अमावास्येला अलीकडे जिवतीची पूजा होते. तोच दिवस छत्तीसगडात श्रावणी अमावास्येची ‘हरेली’ असतो. पोळा मराठी माणसाचा श्रावणातला, शेजाऱ्याचा भाद्रपदातला. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेले गव्हाचे अंकुर, म्हणजे भुजली, पाण्यात शिरवून एकमेकांना देतात. तो दिवस श्रावण वद्य प्रतिपदेचा म्हणावा की भाद्रपद कृष्ण प्रतिपदेचा? एकाच गल्लीत दोन्ही उत्तरे मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात. महिन्यावार सारणी करणारा संग्राहक यांपैकी एक उत्तर निवडतो; दुसरे चुकीचे म्हणून खोडले जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, तो निराळाच सण समजून दोनदा नोंदला जातो.

नावांच्या बाबतीत असाच व्यवहार होतो. झाडीबोलीत ‘ळ’ नाही. त्याच्या जागी ‘र’ येतो. म्हणून येथला शेतकरी बैलांचा सण ‘पोरा’ म्हणून साजरा करतो, आणि छत्तीसगडीतही तो पोराच आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा जो अभ्यास उभा केला, त्यानंतर तरी हे रूप ‘अशुद्ध पोळा’ म्हणून दुरुस्त करून छापण्यास सबब उरलेली नाही. तरीही संग्रहांत पोळाच छापला जातो. एका वर्णाचा हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या रूपावरून एखाद्या प्रथेचा शेजार कळतो, तेच रूप पुसले की तिचा पुरावाही पुसला जातो.

आता मुख्य मुद्दा. गोंदिया जिल्ह्यातील गावाला वर्षातील मोठा दिवस विचारला तर दिवाळीपेक्षाही आधी ‘मंडई’ हे उत्तर येण्याचा संभव अधिक. पुण्यामुंबईच्या वाचकाला मंडई म्हणजे भाजीचा बाजार; येथे मंडई हा गावाचा सण आहे आणि त्याचे सख्य छत्तीसगडच्या ‘मड़ई’शी आहे. बलिप्रतिपदेला गायगोधन होते. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात. भाऊबीजेपासून मंडयांना आरंभ होतो. आज या गावी, उद्या त्या गावी, असा क्रम पुढे कित्येक दिवस चालतो. सासरी गेलेल्या लेकी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, दुकाने लागतात, मुलामुलींची स्थळे तेथेच पाहिली जातात. रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. मंडईचा दिवस गाव ठरवते, आणि तो शेजारच्या गावाला आडवा येणार नाही असा ठरवते. कारण उघड आहे : दोन गावांची मंडई एकाच दिवशी आली, तर पाहुणा कोणाकडे जाणार?

म्हणजे हा असा सण आहे की ज्याला ऋतू आहे पण तिथी नाही. गाव आहे पण जात नाही. ढाल गोवाऱ्यांची असेल, दंडारीतील नट अनेक जातींचे असतील, जेवणावळ प्रत्येक घरची असेल. मंडई कोणा एकाची नव्हे. पंचांगी ग्रंथात तिला पान नाही, कारण ती कोणत्या तिथीखाली लिहावी हे ठरत नाही. जातिवार ग्रंथात तिचे तुकडे होतात. आणि हल्लीच्या लेखनात ती बहुधा लोकरंगभूमीच्या प्रकरणात जाते, जणू दंडार पाहण्यासाठीच गाव जमले होते. वस्तुतः क्रम उलटा आहे. गाव जमते म्हणून दंडार होते.

मात्र येथे एका सोप्या निष्कर्षापासून सावध राहणे अवश्य आहे. ‘तिथी ही शास्त्राची आणि मंडई ही लोकांची’ अशी विभागणी काही उत्साही अभ्यासक करतात. ती टिकत नाही. मंडयांचा हंगाम सुरू होतो तोच कार्तिक शुद्ध प्रतिपदा आणि द्वितीया या पक्क्या तिथींचा आधार घेऊन. तो सरकतो मात्र धानाच्या चालीने. या वेळी हलके धान कापून झालेले असते आणि भारी धान बांधीत उभे असते. घरात नवे तांदूळ आलेले, हाताला थोडी उसंत. रोवणीच्या दिवसांत असा मेळावा कल्पिताही येत नाही, आणि पोराही रोवणी आटोपता आटोपताच येतो. हंगामाचे एक टोक पंचांगाला बांधलेले आणि दुसरे बांधीत मोकळे सोडलेले, अशी ही रचना आहे. तिला कोणतेही एकच तत्त्व लावले की ती विपरीत दिसते.

‘ढाल’ या शब्दाकडेही अभ्यासकांनी पुरेसे पाहिलेले नाही. गोवाऱ्यांची ढाल ही हातात धरून वार अडविण्याची वस्तू नव्हे. ती बांबूवर उभारून पूजिली जाते व मिरविली जाते. परक्या लेखकाने तिचा अर्थ शस्त्र असा केला, तर तिच्याभोवती लढाईची कथा रचण्याचा मोह होतो. परंतु जुन्या मराठीत ढाल म्हणजे सैन्यापुढचे मोठे निशाण, आणि ‘ढालकाठी’ हा शब्द देवस्थानांच्या मिरवणुकीत अद्यापि जिवंत आहे. गोवाऱ्यांच्या ढालीशी त्या अर्थाचा संबंध आधी तपासावा आणि मग कथा ऐकावी, हा क्रम अधिक बरा.

सालेकसा तालुक्यातील कचारगडाचे उदाहरण याच्या उलट आहे. येथे तिथी पक्की आहे, माघी पौर्णिमा. आणि म्हणूनच सारण्यांत त्याला ‘माघी पौर्णिमेची जत्रा’ एवढी ओळ सहज मिळते. तीच ओळ फसवी आहे. निरनिराळ्या राज्यांतून येणारा गोंड समाज तेथे पौर्णिमेसाठी येत नाही. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेसाठी, कोंडलेल्या मुलांची सुटका झाली त्या गुहेसाठी येतो. डॉ. मोतीरावण कंगाली यांच्या लेखनाने हा अर्थ मराठी-हिंदी वाचकांपुढे आणला. तो वगळून केलेली नोंद तिथीने बरोबर आणि अर्थाने रिकामी राहते.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेता येईल. स्पेनमधील कॅटलन प्रदेशाचे वर्षभराचे सण व रीती ज़ुआन आमादेस यांनी ‘कोस्तुमारी कॅटला’ या पाच खंडांत 1950 ते 1956 या काळात प्रसिद्ध केल्या. फ्रँकोच्या राजवटीत त्या भाषेला शाळेत व शासनात स्थान नव्हते. अशा वेळी आमादेस यांनी सणांची नावे बोलीतल्याप्रमाणे राखली. तेथेही प्रत्येक गावाचा स्वतःचा मोठा उत्सव असतो आणि गावोगाव त्याचा दिवस निराळा असतो. पण त्या उत्सवाला बहुधा गावच्या संताचे नाव असते. संताला दिनदर्शिकेत दिवस असतो. त्यामुळे वर्षक्रमाने लिहिलेल्या ग्रंथात त्याला जागा मिळू शकते. मंडईला संत नाही. कॅटलन नमुना म्हणूनच नावांच्या बाबतीत अनुकरणीय आहे, मांडणीच्या बाबतीत नाही.

मांडणीतील हा दोष केवळ ग्रंथापुरता राहत नाही. मंडईनंतरच्या थंडीत शंकरपट भरतात आणि पटाच्या रात्री नाटक होते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली, 2021 मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या साऱ्या वादात प्रश्न प्राण्याच्या वेदनेचा आणि परंपरेच्या दाव्याचा होता, व तो तसाच असणे योग्य. परंतु परंपरेचा दावा करावयाचा तर कोणत्या गावी, कोणत्या काळापासून, कोणत्या कामाच्या उसंतीत पट भरत असे, याची लेखी नोंद लागते. ‘पौष–माघात पट भरतात’ या एका वाक्यावर तसा दावा ना सिद्ध करता येतो ना खोडता येतो.

यापुढे मंडईची नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याने महिन्याचा रकाना शेवटी भरावा. आधी गावाचे नाव. मग त्या वर्षी दिवस कोणी व कोणते गाव टाळून ठरविला. बांधीत कोणते धान उभे होते. ढाल कोणत्या घरून निघाली. दंडार कोणत्या बोलीत झाली. आणि सांगणाऱ्याने सणाला जे नाव दिले ते, त्याच्याच उच्चारात.